बंद देवळे, उघडी घरे

१२ एप्रिल २०२० चा रविवार हा ईस्टरचा, म्हणजे ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा सण होता. ख्रिस्ती वर्षातील हा सर्वांत मोठा सण. नाताळाहूनही मोठा, हे पुष्कळ ख्रिस्तेतर वाचकांना ठाऊक नसते. टाळेबंदीचा तो एकोणिसावा दिवस होता आणि देशभरातील चर्चची दारे भाविकांना बंद होती. त्याआधी २७ मार्चच्या पावसाळी संध्याकाळी पोप फ्रान्सिस यांनी रोममधील सेंट पीटरच्या रिकाम्या चौकात केलेली प्रार्थना साऱ्या जगाने दूरचित्रवाणीवर पाहिली होती. ईस्टरच्या दिवशी कँटरबरीच्या आर्चबिशपांची उपासना लंडनमधील त्यांच्या निवासस्थानाच्या स्वयंपाकघरातून प्रसारित झाली. ही दृश्ये इतिहासात राहतील यात संशय नाही. परंतु वसमत तालुक्यातील हट्ट्यासारख्या गावाच्या परिसरात, जेथे ख्रिस्ती घरे असलीच तर बोटांवर मोजण्याइतकी, तेथे त्या दिवशी काय घडले याचे चित्र कोणी काढले नाही. महामारीत ख्रिस्ती मंडळी कशी टिकली या प्रश्नाचे उत्तर मात्र अशाच ठिकाणी शोधावे लागते.

परभणीहून वसमतकडे जाताना हट्टा लागते. हळद आणि उसाचा हा मुलूख. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. त्याआधीची या भागाची ओळख निजामी राजवटीतील एक मागास कोपरा एवढीच होती. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात सुमारे १० लाख ८० हजार ख्रिस्ती होते, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्क्याहून किंचित कमी. आणि त्यांतील फार मोठा भाग मुंबई, ठाणे, वसई आणि पुणे या पट्ट्यात. मराठवाड्याच्या वाट्याला त्यातले थोडे येतात, हिंगोलीच्या वाट्याला अत्यल्प. तेही कागदावर पूर्ण उमटत नाहीत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती ठरावीक धर्मांपुरत्या ठेवल्या; १९९० साली त्या नवबौद्धांना मिळाल्या, ख्रिस्ती झालेल्या दलितांना मिळाल्या नाहीत. त्यामुळे उपासनेला बसणारी माणसे आणि सरकारी दाखल्यावरची माणसे यांचा मेळ अनेक ठिकाणी बसत नाही. महामारीच्या दिवसांत या गोष्टीला वेगळाच अर्थ आला. जी मंडळी कागदावर नाही, तिची विचारपूस कोण करणार?

धर्मग्राम हा शब्द उच्चारला की वाचकांच्या डोळ्यांसमोर वसईची उंच मनोऱ्यांची देवळे किंवा वांद्र्याची टेकडी उभी राहते. मराठवाड्यात तसे नाही. औरंगाबादचा कॅथलिक धर्मप्रांत १९७७ साली स्थापन झाला आणि चौसष्ट हजारांहून अधिक चौरस किलोमीटरच्या साऱ्या मराठवाड्याची जबाबदारी त्याच्याकडे आली. प्रॉटेस्टंट मंडळ्यांची परंपरा त्याहून जुनी. जालन्याजवळ नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात वसविलेले बेथेल हे गाव प्रसिद्धच आहे. परंतु पंथ कोणताही असो, लहान गावातील स्थिती सारखीच. धर्मगुरू किंवा पाळक तालुक्याच्या अथवा जिल्ह्याच्या गावी राहणार, मोटारसायकलवरून पाळीपाळीने गावे घेणार, एखाद्या गावात महिन्यातून एकदा उपासना होणार, तीही पुष्कळदा कोणाच्या तरी ओसरीवर किंवा पत्र्याच्या खोलीत. शहरातल्या भाविकाला २०२० च्या मार्चअखेर जे अघटित वाटले, ते म्हणजे रविवार आला आणि धर्मगुरू आले नाहीत, ते या गावांना वर्षानुवर्षे परिचयाचे होते.

येथे एक गोष्ट आरंभीच स्पष्ट केली पाहिजे. देवळे बंद ठेवण्याचा निर्णय योग्य होता. दक्षिण कोरियातील देगू शहरात फेब्रुवारी २०२० मध्ये एका पंथाच्या सभांमधून आणि फ्रान्समधील म्युलूझ येथे एका प्रार्थना-सप्ताहातून साथ किती झपाट्याने पसरली हे तोपर्यंत जगासमोर आले होते. प्रार्थनेत माणसे जवळ बसतात, मोठ्याने गातात आणि एकाच पात्राला ओठ लावतात. विषाणूला याहून अधिक काय हवे? हिंगोलीकरांना तर हा धडा घराजवळ मिळाला. मालेगाव आणि मुंबईच्या बंदोबस्ताहून परतलेल्या राज्य राखीव पोलीस दलाच्या जवानांमध्ये एप्रिल आणि मे २०२० मध्ये मोठ्या संख्येने लागण आढळली आणि तोवर निर्धास्त असलेला जिल्हा हादरला. प्लेगच्या काळात, १५२७ साली, मार्टिन ल्यूथरने एका पत्रात असाच विचार मांडला होता: जेथे माझी गरज आहे तेथून मी पळणार नाही, आणि जेथे माझी गरज नाही तेथे जाऊन दुसऱ्याला संसर्गही देणार नाही, असा त्याचा आशय. ज्यांना २०२० मध्ये बंद देवळांत धर्मावरील संकट दिसले त्यांनी हे पत्र वाचावयास हवे होते.

सरकारच्या हातून तारतम्याची चूक मात्र झाली. केंद्राने ८ जून २०२० पासून प्रार्थनास्थळे उघडण्यास मुभा दिली. महाराष्ट्राने ती १६ नोव्हेंबरपर्यंत, दिवाळीच्या पाडव्यापर्यंत, बंदच ठेवली. मद्याची दुकाने त्याआधी मे महिन्यातच उघडली होती. ऑक्टोबरात राज्यपाल आणि मुख्यमंत्री यांच्यात मंदिरांवरून जो पत्रव्यवहार झाला त्यात धर्मनिरपेक्षतेची चेष्टाही झाली आणि हिंदुत्वाची प्रमाणपत्रेही निघाली. रोग्याच्या बाजूने कोणी बोलले असे दिसले नाही. एप्रिल २०२१ मध्ये ईस्टरच्या दुसऱ्याच दिवशी नवे निर्बंध लागले आणि दारे पुन्हा मिटली, ती ७ ऑक्टोबरच्या घटस्थापनेला उघडली. सणांच्या तारखा पाहून दारे उघडण्याची ही रीत, तीही बहुसंख्यांच्या सणांच्या, थोडी खटकते. पण त्यावर फार शब्द खर्च करण्याचे कारण नाही. खरा प्रश्न दारांच्या आतला आहे.

दारे मिटताच शहरांतील धर्मग्रामांनी जो मार्ग काढला तो भ्रमणध्वनीच्या पडद्याचा. मुंबई, पुणे, वसई येथील मिस्सा घरोघर दिसू लागल्या. गोव्यात ३ डिसेंबर २०२० चा संत फ्रान्सिस झेवियरचा सणही यात्रेकरूंवाचून पार पडला आणि भाविकांनी तो पडद्यावर पाहिला. आजारी, वृद्ध आणि परदेशी राहणाऱ्या मुलांच्या आईबापांना या सोयीने मोठा दिलासा दिला, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु या सोयीची व्याप्ती किती? राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या फेरीत ग्रामीण भारतातील जेमतेम पंधरा टक्के कुटुंबांत इंटरनेटची सोय आढळली होती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९ ते २०२१ च्या फेरीप्रमाणे स्वतः वापरता येईल असा मोबाइल देशातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडे होता आणि इंटरनेट कधीही वापरलेल्या स्त्रिया फक्त एकतृतीयांश होत्या. लहान मंडळीत उपासनेला बसणाऱ्यांत बायकाच अधिक, हे कोणताही पाळक सांगेल. घरात एकच भ्रमणध्वनी, तो मुलाच्या खिशात किंवा मुलीच्या शाळेच्या वर्गासाठी अडकलेला. अशा घराला पडद्यावरच्या मिस्सेचा काय उपयोग?

दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. ख्रिस्ती उपासना पाहावयाची नसते, तीत भाग घ्यावयाचा असतो. भाकर मोडून वाटली जाते आणि ती खाल्ली जाते. हे दृश्य नव्हे, भोजन आहे. कॅथलिकांनी या काळात मनोमन ख्रिस्तप्रसाद घेण्याच्या जुन्या प्रार्थनेचा आधार घेतला. काही प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी प्रत्येकाने घरी आपली भाकर समोर ठेवून पडद्यापलीकडील पाळकाच्या शब्दांबरोबर ती खावी असा तोडगा काढला. पुष्कळांना तो पटला नाही. पोप फ्रान्सिस यांनी १७ एप्रिल २०२० च्या प्रवचनातच सावध केले होते की, ही आणीबाणीची वाट आहे. बोगद्यातून बाहेर पडावयाचे असते, त्यात मुक्काम करावयाचा नसतो.

या संदर्भात १५७६ च्या मिलान शहराची आठवण बोलकी आहे. प्लेगमुळे लोक घरांत कोंडले गेले तेव्हा तेथील आर्चबिशप कार्लो बोरोमिओ यांनी चौकाचौकांत वेदी उभारविल्या आणि लोकांनी आपापल्या खिडकीतून मिस्सेत भाग घ्यावा अशी व्यवस्था केली. खिडकीतून वेदी दिसत होती, आणि समोरच्या खिडकीतला शेजारीही दिसत होता. त्याची खिडकी एखाद्या दिवशी उघडली नाही तर ती गल्लीच्या ध्यानात येत होती. भ्रमणध्वनीवर उपासना करणाऱ्यास धर्मगुरू दिसतो, शेजारी दिसत नाही. हजार जणांनी उपासना पाहिली हा आकडा तेवढा दिसतो, पण त्या हजारांत गावातली आजारी म्हातारी होती की नव्हती हे कोणास कळत नाही.

मग लहान गावात मंडळी कशाने टिकली? घराने टिकली. रोममधील उपासनाविषयक विभागाने मार्च २०२० मध्येच सांगितले होते की, पवित्र सप्ताहाचे विधी लोकांवाचून होतील, पाय धुण्याचा विधी वगळावा आणि भाविकांनी घरी प्रार्थना करावी. शहरात ही तात्पुरती तडजोड मानली गेली. लहान गावांना त्यात नवे शिकावयाचे फारसे नव्हते. ज्याला वाचता येते त्याने शास्त्रपाठ वाचावयाचा, सर्वांनी पाठ असलेली गीते म्हणावयाची, वडीलधाऱ्याने किंवा आईने प्रार्थना करावयाची. पुष्कळ घरांत वाचणारी व्यक्ती म्हणजे शाळा बंद म्हणून घरी असलेली मुलगी. ऊसतोडीला गेलेली कुटुंबे एप्रिलच्या मध्यास सरकारने परवानगी दिल्यावर गावी परतू लागली. त्यांना गावाबाहेर थांबविले जाई, आणि त्यांच्यापर्यंत भाकरीचे गाठोडे पोहोचविणे हेही या दिवसांत उपासनेचेच अंग होते. असे करणाऱ्यांत सर्व धर्मांचे लोक होते, हे वेगळे सांगावयास नको.

मराठी ख्रिस्ती परंपरेला ही गोष्ट मुळीच नवी नाही. फादर स्टीफन्सनी १६१६ साली छापलेले 'क्रिस्तपुराण' ओवीबद्ध आहे, ते मोठ्याने वाचण्यासाठी, ऐकणाऱ्याच्या तोंडी बसण्यासाठी. नारायण वामन टिळकांनी भजन आणि कीर्तन ख्रिस्ती उपासनेत आणले. परकी चाल आणि परकी वाद्ये यांवाचून जी उपासना चालते ती ओसरीवरही चालते, हा त्यातील लाभ आज अधिक उमगतो. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला, तोही बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले यांना एकत्र बसविणारा, भिंतींवाचूनचा मेळावा होता. आणि जुन्या मिशनांतील बायबलबाईंचा तर आपल्याला पूर्ण विसर पडला आहे. घरोघर जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखविणाऱ्या या स्त्रियांना दीक्षा नव्हती आणि व्यासपीठही नव्हते. अनेक गावांतील मंडळीचा पाया मात्र त्यांनी घातला.

महामारीशी थेट संबंध असलेले उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून निराधार मुली आणि विधवा आणल्या. त्याच वेळी पुण्यात प्लेग होता आणि शहरात नव्या माणसांची भर घालण्यास नगरपालिकेची मनाई होती. तेव्हा रमाबाई या मुलींना घेऊन केडगावच्या आपल्या मळ्यावर गेल्या आणि तेथेच मुक्ती सदन उभे राहिले. म्हणजे प्लेगच्या निर्बंधांनी त्यांना शहराबाहेर काढले, आणि महाराष्ट्रातील एक मोठी ख्रिस्ती वसाहत त्यातून जन्मली. रमाबाईंनी निर्बंध मोडले नाहीत. पण सरकारी प्लेग-रुग्णालयांत स्त्रियांची जी आबाळ होई तिच्याविरुद्ध त्यांनी वृत्तपत्रात लिहिले आणि अधिकाऱ्यांचा रोष पत्करला. ज्या १८९७ च्या साथरोग कायद्याखाली तो कारभार चालला होता, तोच कायदा महाराष्ट्रात १३ मार्च २०२० रोजी पुन्हा लागू झाला. आज्ञा पाळावी आणि अन्यायही बोलून दाखवावा, ही दोन्ही कामे एकाच वेळी करता येतात हे त्यांच्याकडून शिकण्यासारखे होते. २०२० मध्ये आपल्या चर्चच्या पुढाऱ्यांनी पहिले काम चोख केले. दुसऱ्याबाबत ते पुरेसे बोलले असे म्हणवत नाही.

बोलण्याजोगी गोष्ट होती ती मृतांची. अंत्ययात्रेस वीस माणसांची मर्यादा आली. मुंबई महानगरपालिकेने ३० मार्च २०२० रोजी करोनाने मृत झालेल्या सर्वांचे दहनच करावे असे परिपत्रक काढले आणि टीकेनंतर ते लगेच बदलले. पुढे वांद्र्याच्या दफनभूमीत करोनाग्रस्तांचे दफन होऊ नये अशी याचिका मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात फेटाळली. शहरात परिपत्रके आणि न्यायालये असतात. लहान गावातील ख्रिस्ती कुटुंबाला पुष्कळदा स्वतंत्र दफनभूमीच नसते. एरवी गावाच्या सौजन्यावर चालणारी गोष्ट भीतीच्या दिवसांत गावाच्या मर्जीवर येते. कॅथलिक चर्चने १९६३ पासून दहनाला मनाई ठेवलेली नाही, ही बाब धर्मगुरूंनी गावोगाव आधीच समजावून सांगितली असती तर कित्येक घरांची तगमग कमी झाली असती. मरणाच्या दारात धर्मशास्त्राचा खुलासा विचारावा लागणे ही शिक्षणाची उणीव आहे.

आणि पाळकाचे काय? हा विषय काढणे अप्रशस्त मानले जाते, म्हणूनच तो काढला पाहिजे. मोठ्या पंथांच्या धर्मगुरूंना संस्थेचा आधार असतो. स्वतंत्र लहान मंडळ्यांचे पाळक रविवारच्या दानार्पणावर जगतात. उपासना बंद म्हणजे दानाची थैली बंद, आणि देणारेही मजुरी बुडालेले. त्यातच सप्टेंबर २०२० मध्ये परदेशी देणग्यांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन एका संस्थेने मिळालेली देणगी दुसऱ्या संस्थेला देण्यास बंदी आली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा निम्म्याहून कमी, वीस टक्क्यांवर आली. देणग्यांच्या हिशेबावर देखरेख असावी, याबद्दल वाद नाही. पण मोठ्या संस्थेकडून लहान संस्थेकडे झिरपणारे पाणी ऐन साथीत अडविले गेले, आणि त्याचा फटका ज्यांनी कधी परदेशी देणगीचा कागदही पाहिला नव्हता त्यांना बसला. परक्या पैशावर मंडळी पोसली जाते हा आरोप करणाऱ्यांनी आणि तो निमूटपणे खरा ठरवीत आलेल्या चर्चनेही या काळाकडे नीट पाहावे. प्रत्येक धर्मप्रांताने आपल्याच श्रीमंत धर्मग्रामांच्या उत्पन्नातील ठरावीक भाग गरीब धर्मग्रामांसाठी, मग ते दुसऱ्या पंथाचे असले तरी, बाजूला काढणे अशक्य नव्हते. वसई-मुंबईच्या एखाद्या देवळाच्या वार्षिक सणाच्या रोषणाईत मराठवाड्यातील किती पाळकांचे वर्ष निघाले असते याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

आता या गोष्टींना पाच वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. देवळे उघडली, पडदे बरेचसे मिटले आणि लहान गावांत पुन्हा धर्मगुरूच्या मोटारसायकलची वाट पाहणे सुरू झाले. येथेच चूक होत आहे. १९८३ च्या कॅथलिक धर्मसंहितेतच अशी तरतूद आहे की, धर्मगुरू नसेल तेथे लोकांनी शास्त्रपाठासाठी जमावे किंवा कुटुंबाने प्रार्थनेत वेळ घालवावा. साथीच्या ऐन मध्यात, जानेवारी २०२१ मध्ये, पोप फ्रान्सिस यांनी वाचक आणि वेदीसेवक ही पदे स्त्रियांसाठी खुली केली आणि त्याच वर्षी मे महिन्यात धर्मशिक्षकाच्या सेवेला अधिकृत पद म्हणून मान्यता दिली. चर्च ऑफ नॉर्थ इंडियासारख्या चर्चमध्ये तर स्त्रियांना दीक्षाही मिळते. म्हणजे आडकाठी नियमांची उरलेली नाही. टाळेबंदीत जिने घरी शास्त्रपाठ वाचला त्या मुलीला पुढे वर्षातून चार आठवडे शिकवून, प्रवासखर्च आणि मानधन देऊन, गावाची वाचक म्हणून नेमण्यास पैसा फारसा लागत नाही. विश्वास लागतो, आणि त्याची टंचाई आहे.

याला आक्षेप घेणारे म्हणतात, अशाने घरोघरी स्वयंभू गुरू निर्माण होतील. आक्षेप पोकळ नाही. साथीच्या काळात तेल आणि प्रार्थना यांनी रोग बरा करण्याचे आश्वासन देणारे अनेक धर्मांत निघाले आणि ख्रिस्ती समाजही त्यातून सुटला नाही. परंतु असे लोक पोकळीत शिरतात. जेथे प्रशिक्षित आणि उत्तरदायी माणूस असतो तेथे त्यांना जागा मिळत नाही. जपानमध्ये सतराव्या शतकात ख्रिस्ती धर्मावर बंदी आल्यावर दोनशेहून अधिक वर्षे तेथील गुप्त मंडळ्यांना एकही धर्मगुरू मिळाला नाही. बाप्तिस्मा देण्याचे काम गावातील ठरावीक गृहस्थ पिढ्यान्‌पिढ्या करीत राहिले. १८६५ साली नागासाकीच्या चर्चमध्ये त्यांच्यातील काही जण परदेशी धर्मगुरूला भेटावयास आले तेव्हा युरोप थक्क झाला. त्यांच्या प्रार्थनांचे उच्चार बदलले होते, काही समजुती सरमिसळ झाल्या होत्या. पण मंडळी होती.

प्रत्येक धर्मग्रामात बाप्तिस्म्याची, विवाहाची आणि मृत्यूची अशा वेगवेगळ्या नोंदवह्या असतात. २०२० च्या बाप्तिस्म्याच्या वहीत फार थोड्या नोंदी असतील, मृत्यूच्या वहीत अधिक. त्या वर्षी कोणत्या गावात, कोणत्या घरात, कोणी शास्त्रपाठ वाचला आणि कोण ऐकावयास बसले होते याची वही मात्र नाही. ती माणसे हयात आहेत; वसमत, हट्टा, पूर्णा या बाजूने जाणाऱ्या पाळकाला येत्या उन्हाळ्यात, सुगी उरकल्यावर, घरोघर विचारून ती लिहून घेता येईल.